कथाभूमी आणि मोजणीची भूमी : ऐतिहासिक कादंबरीतील नकाशासंबंधी काही विचार

१

ऐतिहासिक कादंबरीच्या जुन्या आवृत्त्यांत कधी आरंभी, कधी अखेरीस घडीचा नकाशा जोडलेला आढळतो. वाचक तो कौतुकाने उलगडतो, कथेतील एखादे गाव त्यात सापडले की समाधान पावतो आणि घडी मिटून कथेकडे वळतो. टीकाकार बहुधा तेवढेही करीत नाही. चित्रे, अर्पणपत्रिका, बांधणी ह्यांप्रमाणे नकाशा हाही प्रकाशकाचा प्रांत, अशी त्याची समजूत असते. ऐतिहासिक कादंबरीच्या टीकेत काल, पात्रे, भाषा आणि पुरावा ह्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. कादंबरीच्या भूगोलाची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली, आणि झाली ती 'लेखकाने स्थळ पाहिले होते की नाही' एवढ्या प्रश्नापुरतीच.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडे निराळे आहे. कादंबरीला जोडलेला नकाशा हे त्या कादंबरीचे एक वाचन असते. कथेतील कोणते विधान भूमीविषयीची साक्ष म्हणून घ्यावयाचे व कोणते कल्पनेचे म्हणून सोडावयाचे, याचा निकाल नकाशा काढणारा मुकाट्याने देत असतो. ज्या गावाला तो ठिपका देतो त्या गावाला तो अस्तित्व देतो, आणि ज्याला ठिपका देत नाही त्याला कल्पित ठरवितो. हे काम टीकेचे आहे, आणि म्हणूनच ते टीकेच्या शिस्तीने व्हावयास हवे.

कसोटीसाठी कलकत्त्याच्या ईशान्येकडील डमडम हे स्थळ घेऊ. मराठी वाचकाला ह्या नावाचे मूळ परके वाटण्याचे कारण नाही. दमदमा हा शब्द आपल्या बखरींना आणि जुन्या लष्करी भाषेला परिचित आहे. तोफा चढविण्यासाठी मातीचा जो उंचवटा रचावयाचा तो दमदमा. डमडमचे नाव ह्याच फार्सी शब्दावरून आले असे सामान्यतः मानले जाते, आणि तेथे एक जुना उंचवटा आहेही. त्यावरील पडक्या इमारतीला लोक क्लाइव्हचे घर म्हणतात. इमारत मुळात क्लाइव्हच्या पूर्वीची असावी असा तर्क आहे, आणि ह्या शतकाच्या आरंभी झालेल्या उत्खननांत त्या टेकाडाखाली त्याहून कितीतरी प्राचीन वस्तीचे अवशेष मिळाले. म्हणजे लोकांनी दिलेले नाव एका काळाचे, भिंती दुसऱ्या काळाच्या आणि खालची माती तिसऱ्याच काळाची.

त्यानंतरचे थर तितकेच विविध आहेत. १७८३ ते १८५३ पर्यंत डमडम हे बंगाल तोफखान्याचे मुख्य ठाणे होते. १८५७ च्या जानेवारीत चरबी लावलेल्या काडतुसांची वार्ता प्रथम फुटली ती येथेच. एका खलाशाने ब्राह्मण शिपायाजवळ पाण्याचा लोटा मागितल्याची कथा सरकारी पत्रव्यवहारातून इतिहासग्रंथांत आणि तेथून कादंबऱ्यांत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात येथील कारखान्यात तयार झालेल्या गोळीमुळे हे नाव जगभरच्या कोशांत शिरले, आणि १८९९ साली हेगच्या परिषदेत त्या जातीच्या, अंगात फुटणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा ठराव झाला. आता कोणी १७५७ सालची कादंबरी लिहिली आणि प्रकाशकाने तिला नकाशा जोडला, तर त्या नकाशावर 'डमडम' ही अक्षरे छापताना नेमके काय छापले जाते? कादंबरीतील पात्रांना तोफखाना ठाऊक नाही, काडतूस ठाऊक नाही, गोळीही नाही. वाचकाला मात्र ते सारे ठाऊक आहे. नकाशावरील नाव स्थळ दाखविते, पण त्या नावाने नंतर मिळविलेला अर्थही बरोबर घेऊन येते. ऐतिहासिक कादंबरीच्या नकाशाची पहिली अडचण ही आहे.

२

पाश्चात्य कादंबरीत नकाशाचा उपयोग निरनिराळ्या हेतूंनी झाला आहे. तीन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवली म्हणजे हेतूंतील फरक ध्यानात येतो.

टॉलस्टॉय 'युद्ध आणि शांती' लिहीत असता १८६७ च्या सप्टेंबरात बोरोदिनोच्या रणभूमीवर गेला, तेथे हिंडला आणि परत आल्यावर त्याने कादंबरीच्या मजकुरातच एक आराखडा घातला. युद्धापूर्वी योजलेली सैन्याची मांडणी आणि प्रत्यक्ष ज्या जागी लढाई झाली ती मांडणी, अशा दोन्ही त्यात दाखविल्या आहेत. वाचकाची सोय हा त्या आराखड्याचा मुख्य हेतू नाही. रशियन सैन्याने ते स्थान विचारपूर्वक निवडले व पक्के केले होते, हा इतिहासकारांचा दावा त्याला खोडून काढावयाचा आहे. सेनापती लढाई घडवितात ही समजूतच त्याला मान्य नाही, आणि आराखडा त्या युक्तिवादातील एक वाक्य आहे. तो काढून टाकला तर प्रकरण लंगडे पडेल. असा नकाशा कादंबरीचाच भाग मानावा लागतो.

स्टीव्हन्सनचे उदाहरण याच्या उलट आहे. त्याच्या 'किडनॅप्ड' ह्या कादंबरीच्या १८८६ च्या पहिल्या आवृत्तीत जहाजाचा प्रवास आणि नायकाची स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील भटकंती दाखविणारा नकाशा होता. कादंबरीच्या केंद्रस्थानी असलेला ॲपिनचा खून १७५२ सालचा. स्टीव्हन्सनने तो १७५१ मध्ये नेला, आणि समुद्रातील काही खडक कथेच्या सोयीसाठी एका बेटाच्या जवळ सरकविले. ह्या दोन्ही गोष्टी त्याने अर्पणपत्रिकेत हसत हसत कबूल केल्या आहेत. म्हणजे एका पानावर 'मी भूमी हलविली आहे' अशी कबुली आणि दुसऱ्या पानावर त्याच भूमीचा नकाशा! वाचकाची येथे फसवणूक होत नाही, कारण कबुली व नकाशा एकाच ग्रंथात आहेत. कबुली गळून नकाशा तेवढा पुढील आवृत्तीत राहिला, तर मात्र तोच नकाशा खोटी साक्ष देऊ लागेल.

हार्डीची गोष्ट तिसरी. 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' च्या १८७८ च्या आवृत्तीला त्याने स्वतः काढलेला नकाशा होता. त्यातील एग्डन हे माळरान कोठेही एका जागी नाही. अनेक खऱ्या माळरानांना आपण एक नाव दिले आहे, असे त्यानेच पुढे सांगितले. नंतर 'वेसेक्स' हा त्याचा प्रांत वाचकांच्या मनात इतका पक्का झाला की, १८९५–९६ च्या संग्रहावृत्तीसाठी त्याने जुन्या कादंबऱ्यांतील स्थळनामे आणि अंतरे त्या प्रांताशी जुळतील अशी दुरुस्त केली. प्रथम कथेवरून नकाशा झाला, मग नकाशावरून कथा सुधारली गेली. कल्पित भूगोलाचा माग काढणाऱ्या वाचकांचे दडपण लेखकावरही कसे येते याचे हे ठळक उदाहरण आहे.

ह्या तिघांखेरीज आणखी एक जात आहे, आणि हिंदुस्थानच्या दृष्टीने ती दुर्लक्षिता येत नाही. हेंटीसारख्या लेखकांनी इंग्रज मुलांसाठी साम्राज्याच्या कथा लिहिल्या. 'विथ क्लाइव्ह इन इंडिया' ही १८८४ ची कादंबरी त्यांपैकीच. अशा पुस्तकांतून लढायांचे आराखडे व मोहिमांचे नकाशे देण्याची प्रथा होती. त्यांत संशय नसतो, कबुली नसते. सैन्याच्या चौकोनावरून निघालेला बाण शत्रूच्या चौकोनापर्यंत जातो, आणि मधली गावे ही केवळ वाटेवरची नावे असतात. आपल्याकडील इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांतील नकाशे पुष्कळ अंशी ह्याच वळणाचे आहेत, आणि ऐतिहासिक कादंबरीला कोणी नकाशा जोडावयाचे ठरविले तर नकळत हेच वळण हाती येते.

३

ह्या वळणातील धोका बंगालच्या भूमीवर स्पष्ट दिसतो, आणि तो पाहताना मराठी टीकाकाराला तटस्थ राहता येणे कठीण आहे.

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. पुढे १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून मानकऱ्यास त्यांचा घात केला, आणि १७५१ च्या तहापर्यंत स्वाऱ्या चालू राहिल्या. पहिल्याच स्वारीच्या भयाने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल झाले आणि काम थांबले, कारण मराठे आलेच नाहीत. त्या अपुऱ्या खंदकाला 'मराठा खंदक' हे नाव मात्र कायम राहिले. १७९९ साली त्याचा काही भाग बुजवून वर्तुळाकार रस्ता झाला, उरलेला १८९३ च्या सुमारास बुजला. बागबाजारातील एका गल्लीच्या नावात तो अद्याप शिल्लक आहे. डमडम ह्या खंदकाच्या बाहेर, ईशान्येस.

न घडलेल्या घटनेची ही खूण आहे. नकाशावर ती खऱ्या तटबंदीइतकीच ठसठशीत दिसते. तिच्याकडे पाहून वाचकाला वाटेल की येथे मराठ्यांशी लढाई झाली असली पाहिजे. येथे भीती झाली, लढाई झाली नाही, हे सांगण्याची सोय नकाशाच्या चिन्हांत नाही. ती सोय कथेत आहे.

गंगारामाचे 'महाराष्ट्र पुराण' हे बंगाली काव्य १७५१ च्या सुमाराचे, म्हणजे जवळजवळ समकालीन. त्यात जाळलेल्या गावांच्या नावांची लांबलचक यादी आहे. आपल्या इतिहासग्रंथांत ही मोहीम नागपुराहून कटव्याकडे जाणाऱ्या रेषेच्या रूपाने येते, तर गंगारामाच्या काव्यात ती घरे सोडून पळणाऱ्या माणसांच्या गावांच्या रूपाने येते. दोन्हींचा प्रदेश एकच आहे. कोणी मराठी कादंबरीकाराने भास्कररामावर कादंबरी लिहिली आणि तिला रेषेचा नकाशा दिला, तर त्याने कथेत बंगाली रयतेविषयी कितीही सहानुभूती दाखविली असली, तरी नकाशाने बाजू घेतलेली असेल. गावांच्या यादीचा नकाशा काढला तर तोही बाजू घेईल, पण निराळी. नकाशा निःपक्षपाती असतो हा समज येथे टिकत नाही.

ह्याच भूमीवर १७५७ च्या ५ फेब्रुवारीला सकाळी दुसरी घटना घडली. सिराजुद्दौल्याचे सैन्य शहराच्या ईशान्येस खंदकाच्या आतबाहेर पसरले होते. क्लाइव्हने पहाटे त्या छावणीवर चाल केली आणि दाट धुके पडले. त्याचे सैन्य छावणीतून चालत गेले, पण आपण कोठे आहोत हे कोणास कळेना. खंदकावरील वाटेचा अंदाज चुकला, माणसे बरीच पडली, आणि अखेर ते खंदक ओलांडून किल्ल्याकडे निघून गेले. नबाबाने त्यानंतर माघार घेऊन ९ फेब्रुवारीला अलीनगरचा तह केला. रॉबर्ट ऑर्मच्या इतिहासग्रंथात त्या काळच्या कलकत्त्याच्या परिसराचा आराखडा आहे, आणि त्यावरून सारा प्रसंग आरामखुर्चीत बसून समजावून घेता येतो. नेमके तेच कादंबरीला मारक आहे. त्या सकाळचे सत्य हे की, कोणालाच काही दिसत नव्हते. कादंबरीकाराला ते अज्ञान वाचकाला भोगावयास लावावयाचे असते, आणि आरंभीच जोडलेला आराखडा ते हिरावून घेतो. टॉलस्टॉयने आपला आराखडा ग्रंथाच्या दारावर न टांगता युक्तिवादाच्या ओघात योग्य जागी घातला, यातील शहाणपण येथे पटते.

मेडोज टेलरचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. त्याची 'तारा' ही १८६३ ची कादंबरी तुळजापूर, विजापूर व प्रतापगड ह्या मुलखात घडते. टेलरची सारी नोकरी निजामाच्या राज्यात गेली, आणि नळदुर्गचा कारभार त्याने पाहिला होता. १८६५ च्या 'राल्फ डार्नेल' मध्ये तो प्लासीच्या बंगालकडे वळला, जेथे त्याची कारकीर्द झालेली नव्हती. दोन्ही कादंबऱ्यांना सारख्याच प्रमाणाचे नकाशे जोडले तर दोन्हींचा भूगोल सारखाच विश्वसनीय दिसेल. एक भूमी पायाखालची आहे आणि दुसरी ग्रंथांतून उभी केलेली आहे, हा फरक नकाशात बुजतो. तो वाक्यांच्या पोतात शोधावा लागतो.

४

डमडमहून त्याच लोहमार्गाने उत्तरेस गेले की नैहाटी लागते. तेथील कांठालपाडा हे बंकिमचंद्रांचे गाव. कल्पित भूगोलाच्या चर्चेत भारतीय कादंबरीतील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण त्यांच्याच 'आनंदमठा'चे आहे.

'आनंदमठ' १८८२ साली ग्रंथरूपाने आली. ११७६ च्या बंगाली संवत्सरातील, म्हणजे १७६९–७० च्या दुष्काळाने ती सुरू होते, आणि संन्याशांच्या बंडाशी ती जोडलेली आहे. आरंभीच्या आवृत्त्यांत कथेची भूमी बीरभूम होती. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी बंकिमचंद्रांनी इंग्रजी ग्रंथांतून बंडाविषयीचे उतारे परिशिष्ट म्हणून जोडले, आणि प्रस्तावनेत मान्य केले की, कादंबरीतील लढाया प्रत्यक्षात बीरभूममध्ये झाल्या नसून उत्तर बंगालात झाल्या, शिवाय एका इंग्रज अधिकाऱ्याचे नावही बदललेले आहे. ही विसंगती त्यांना घातक वाटली नाही. कादंबरी ही कादंबरी आहे, ती इतिहास नाही, असे त्यांचे समर्थन होते.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर तिला स्टीव्हन्सनच्या कबुलीशेजारी बसविता आले असते. परंतु हयातीतील अखेरच्या, १८९२ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी बीरभूम काढून वारेंद्रभूमी घातली. जी विसंगती घातक नव्हती ती दुरुस्त करण्याचा खटाटोप कशासाठी? दोन उत्तरे संभवतात. एक असे की, कादंबरीकाराच्या स्वातंत्र्याचा सिद्धान्त मांडूनही त्यांच्या मनातील इतिहासाभ्यासक स्वस्थ बसेना. दुसरे असे की, दहा वर्षांत 'आनंदमठा'कडे पाहण्याची वाचकांची दृष्टी बदलली होती. लोक तिच्याकडे घडलेल्या गोष्टीचे पुस्तक म्हणून पाहू लागले होते, आणि अशा पुस्तकाची भूमी बरोबर असणे लेखकाला अगत्याचे वाटले. दुसरे उत्तर मला अधिक ग्राह्य वाटते, कारण हार्डीने नेमक्या त्याच दशकात तेच केले.

पण नाव बदलल्याने भूमी बदलते काय? कथेच्या आरंभी महेंद्र आणि कल्याणी आपले गाव सोडून मुर्शिदाबाद, कासिमबाजार किंवा कलकत्ता अशा एखाद्या शहरी जाऊन जीव वाचवावा अशा विचाराने पायी निघतात. बीरभूममधून निघणाऱ्याच्या ह्या वाटेत पद्मा नाही. वारेंद्रभूमीतून मुर्शिदाबादेकडे जावयाचे तर पद्मेसारखी प्रचंड नदी ओलांडावी लागते. लेखकाने एक नाव खोडून दुसरे लिहिले की वाचकाच्या मनातील सारी वाट फिरते, आणि कथेच्या घटनांना ती नवी वाट पेलते की नाही हा प्रश्न उभा राहतो. म्हणून 'आनंदमठाचा नकाशा' असे काही असूच शकत नाही. पहिल्या आवृत्तीचा नकाशा असू शकेल, पाचव्या आवृत्तीचा असू शकेल. दोन्हींतील फरक हाच अभ्यासाचा विषय आहे.

बीरभूम मुळात आले कोठून? बंकिमचंद्रांनी परिशिष्टात आधार घेतलेल्या ग्रंथांपैकी एक हंटरचा बंगालच्या ग्रामीण इतिहासावरील १८६८ चा ग्रंथ आहे, आणि त्या ग्रंथाचा मुख्य प्रदेश बीरभूम व बिष्णुपूर हाच आहे. दुष्काळाचे चित्र जेथून आले तेथूनच भूमीही आली असावी, असा तर्क करावयास जागा आहे. तो खरा असेल तर कादंबरीची पहिली भूमी एका ग्रंथाची भूमी होती, आणि शेवटची भूमी दुसऱ्या पुराव्याची.

ह्या प्रकरणाला एक विलक्षण जोड आहे. बंगालचा पहिला पद्धतशीर नकाशासंग्रह सिद्ध करणारा जेम्स रेनेल हा १७६७ मध्ये तेथील सर्व्हेअर जनरल झाला, आणि त्याचा 'बंगाल ॲटलास' १७७९ ते १७८१ च्या दरम्यान निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १७६६ मध्ये, भूतानच्या सीमेजवळ मोजणी करीत असता संन्याशांशी झालेल्या चकमकीत तो गंभीर जखमी झाला होता, आणि त्या जखमांचा त्रास त्याला पुढेही राहिला. ज्या संन्याशांना बंकिमचंद्रांनी संतान केले, त्यांनीच बंगालच्या नकाशाकाराच्या अंगावर वार केले होते. त्यांच्या लेखी तो साखळी घेऊन मुलूख मोजणारा परका होता. उत्तर बंगालच्या ज्या नकाशावर आज आपण 'आनंदमठा'ची स्थळे शोधू, त्याचा पाया असा वादग्रस्त आहे. मोजणीची भूमीसुद्धा कोणाच्या तरी बाजूने मोजलेली असते. डमडमच्या पश्चिमेस बराकपूरच्या रस्त्यावर एव्हरेस्टने १८३१–३२ मध्ये आधाररेषा मोजली, आणि तिच्या टोकांचे बुरूज आजही रहदारीत उभे आहेत. त्यांच्याकडे पाहताना मोजणीच्या काटेकोरपणाबरोबर मोजणाऱ्या सत्तेचेही स्मरण ठेवावे लागते.

'आनंदमठा'तील मुख्य गावाचे नाव पदचिह्न आहे. हे गाव कोणत्याही ॲटलासात नाही, आणि नसावेच. दुष्काळाने माणसे निघून गेल्यावर मागे जे उरते ते ह्या नावात आहे. त्या गावाला अक्षांश-रेखांश दिले की नावाचा अर्थ नष्ट होऊन केवळ ठिकाण उरते.

५

मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी एका कल्पित किल्ल्याच्या नावाने ओळखली जाते, ही योगायोगाची गोष्ट नव्हे. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८६७ पासून 'विविधज्ञानविस्तारा'त क्रमशः येऊ लागली, आणि १८७१ मध्ये ग्रंथरूप झाली. काल शिवशाहीचा, वातावरण सह्याद्रीचे, पण गड मात्र लेखकाचा. शेकडो खरे किल्ले समोर उभे असता गुंजीकरांनी नवा किल्ला का बांधला? खऱ्या किल्ल्याला इतिहास असतो. कोण किल्लेदार, कोणत्या साली कोणाच्या ताब्यात, हे कागदांत असते आणि लेखकाचे हात बांधलेले असतात. कल्पित किल्ल्याने गुंजीकरांना मोकळीक दिली, आणि 'मोचन' ह्या शब्दाचा अर्थही सुटका असाच आहे. पदचिह्न आणि मोचनगड ही दोन नावे एकाच जातीची आहेत. दोन्ही नावांत स्थळापेक्षा आशय अधिक आहे.

त्याच शतकात सह्याद्रीकडे बंगालमधूनही पाहिले जात होते. भूदेव मुखोपाध्यायांची 'अंगुरीयविनिमय' ही शिवाजी व रोशनआरा यांची कथा १८५७ ची. ती कॉन्टरच्या इंग्रजी पुस्तकातील मराठा सरदाराच्या कथेवर आधारलेली. रमेशचंद्र दत्तांची 'महाराष्ट्र जीवनप्रभात' १८७८ ची. बंगाली कादंबरीकाराने ग्रंथांवरून रचलेला सह्याद्री आणि गुंजीकरांनी पाहून कल्पिलेला गड, ह्या दोहोंत अधिक 'खरा' कोणता हे नकाशाने ठरणार नाही. खरी नावे पहिल्यात अधिक असतील, आणि खरी चढण दुसऱ्यात.

हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' पाशी प्रश्न अधिक बिकट होतो. येथे गड खरा, लढाई खरी, १६७० हे साल खरे. पण नकाशावर नाव कोणते छापावयाचे? ज्या आख्यायिकेवर शीर्षक उभे आहे तिच्याप्रमाणे तानाजी पडेपर्यंत कोंढाणा आणि त्यानंतर सिंहगड. शिवकालीन पत्रव्यवहारात मात्र 'सिंहगड' हे नाव १६७० च्या पूर्वीही आढळते. कादंबरीच्या सत्याप्रमाणे नकाशा काढला तर तो पुराव्याला सोडतो, आणि पुराव्याप्रमाणे काढला तर कादंबरीच्या शेवटच्या वाक्याचा आधार जातो. संपादकाने काही न बोलता एक नाव निवडले, तर त्याने एक तर हरिभाऊंना खोटे पाडले किंवा कागदांना.

हा केवळ अभ्यासिकेतला वाद नाही. कादंबरीतील स्थळांचा माग काढणारा वाचक गडावर जातो, वाटाड्या त्याला कादंबरीतील प्रसंगाची जागा दाखवितो, पुढे तेथे पाटी लागते, आणि काही वर्षांनी ती पाटीच पुरावा म्हणून पुढे केली जाते. डमडमच्या उंचवट्यावरील इमारतीला क्लाइव्हचे घर म्हणता म्हणता टेकाडाखालील प्राचीन वस्ती दोन शतके कोणाच्या ध्यानात आली नाही. प्रसिद्ध नावाने अप्रसिद्ध थर झाकला. कादंबरीचा नकाशा बेसावधपणे काढला तर तो हेच करतो. कथेतील नायक जेथून चढला तेवढी वाट उजळते, आणि त्या गडावर नांदलेली, कथेत न आलेली माणसे अंधारात जातात.

६

यावर एक आक्षेप येईल. असे असेल तर कादंबरीला नकाशा नसावाच, लेखकाने उभी केलेली भूमी वाचकाने मनात पाहावी हे बरे. आक्षेपात तथ्य आहे, पण तो पुरता मान्य करता येत नाही. 'उषःकाल' किंवा 'मोचनगड' वाचणारा आजचा विद्यार्थी घाटवाटांशी, कोसांशी आणि मजलांशी अपरिचित आहे. एका मजलेत किती अंतर कापले जाई, पावसाळ्यात कोणता घाट बंद होई, हे न कळल्यास कथेतील घाई व विलंब त्याला जाणवत नाहीत. नकाशाची गरज आहे. प्रश्न तो कसा असावा हा आहे.

पहिली अट अशी की, नकाशा देशाचा नसून आवृत्तीचा असावा, आणि कोणत्या आवृत्तीच्या संहितेवरून तो काढला हे त्यावरच छापलेले असावे. लेखकाने स्थळे बदलली असतील तर दोन नकाशे द्यावे. 'आनंदमठा'चे प्रकरण याला पुरेसे कारण आहे.

दुसरी अट चिन्हांची. समकालीन कागदांत आढळणारे स्थळ, केवळ आख्यायिकेत असलेले स्थळ आणि लेखकाने कल्पिलेले स्थळ ही तीन निरनिराळ्या अक्षरांनी छापावी. कल्पित स्थळाला ठिपका देऊ नये. कथेत जो परिसर सूचित होतो तेवढ्या भागावर त्याचे नाव विरळ अक्षरांत पसरावे. मोचनगड अमुक डोंगरच असला पाहिजे, असे सिद्ध करण्याचा मोह संपादकाने आवरावा.

तिसरी अट अंतराची. मैलांच्या किंवा किलोमीटरांच्या प्रमाणपट्टीबरोबर मजलांची पट्टी द्यावी. पात्रे अंतर चालण्याच्या व स्वारीच्या वेळाने मोजतात, आणि कथेची गतीही त्याच मापात असते.

चौथी अट नकाशाच्या जागेची. तो ग्रंथाच्या अखेरीस असावा, म्हणजे धुक्यातून चालणाऱ्या पात्रांबरोबर वाचकालाही धुक्यातून चालता येईल. लेखकाने टॉलस्टॉयप्रमाणे तो स्वतःच मजकुरात घातला असेल, तर तेथून तो हलवू नये.

शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोहिमेचा नकाशा काढताना सैन्याच्या वाटेबरोबर तिने उठविलेल्या गावांची नावेही द्यावी. भास्कररामाच्या स्वारीवर उद्या कोणी मराठी कादंबरी लिहिली, तर तिच्या नकाशात गंगारामाची गावे असली पाहिजेत, कलकत्त्याचा अर्धवट खंदक 'भीतीने खणलेला' म्हणून निराळ्या रेषेने दाखविला पाहिजे, आणि त्याच्या ईशान्येस डमडमचा उंचवटा एक नुसता दमदमा म्हणून, पुढच्या काळातील सर्व अर्थांवाचून, दाखविला पाहिजे. असा नकाशा काढणे कष्टाचे आहे. त्यासाठी कागद वाचावे लागतात, संहितांचे पाठ ताडून पाहावे लागतात आणि परप्रांतीयांचे आपल्याविषयीचे लेखन शांतपणे ऐकावे लागते. जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या संपादित आवृत्त्या सिद्ध करणाऱ्यांनी हे काम चित्रकारावर सोपवून मोकळे होऊ नये. ते टीकाकाराचे काम आहे, आणि मराठीत ते अद्याप बव्हंशी व्हावयाचे आहे.